गल्लीतली शेवटची पिशवी

आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या जेवढ्या बाया आहेत, त्यांच्यात गर्भपिशवी शाबूत असलेली मी शेवटची. गोदाबाईची तिशीत काढली, पार्वताबाईची चाळिशीच्या आत. माणिकबाईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले, पोट उघडलंच आहे तर तीही काढून टाकतो. त्यामुळे माझं अंग खाली सरकतं आणि खोकलं की पातळ ओलं होतं, ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा कोणाला फार वाईट वाटलं नाही. फाट्यावर ताटकळलेल्या माणसांना लांबून एसटी दिसावी, तसे त्यांचे चेहरे उजळले.

"काढून टाक, चतुराबाई," गोदाबाई म्हणाली. "आता काय लोणचं घालतं का तिचं?"

"मी तर दुसऱ्या महिन्यात कापूस वेचाले गेली होती," पार्वताबाई म्हणाली. तिची कंबर तेव्हापासून धरलेली आहे, पण सल्ला देताना ती एका हातानं भिंत धरते, त्यामुळे कळत नाही.

माझा मुलगा नागसेन अमरावतीला जिल्हा परिषदेत आहे. त्यानं तिथल्या डॉक्टरीणबाईंकडून तारीखच आणली होती. त्याची सुट्टी मंजूर झाली होती, साहेबाची सही झाली होती, आणि सरकारी माणसाच्या घरात सही झालेली गोष्ट सहसा मागं येत नाही. पण सून माधवी डोक्यानं शांत. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं की व्यायामानं काही होते का. बाई म्हणाल्या, "तीन महिने करून पाहा. फरक नाही पडला तर काढू."

म्हणजे पिशवीला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

असे व्यायाम शिकवणाऱ्या मुली आमच्या अकोल्यातही आहेत. पण अकोल्यात मी कोणता जिना चढले हे मी उतरायच्या आत गल्लीला माहीत होतं. म्हणून अमरावती. नवऱ्याला सांगितलं, नातवाची आठवण येते. माझे मालक श्रावणराव कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले. त्यांनी मान हलवली आणि पेपर उलटला.

फिजिओथेरपी म्हणजे गुडघे चोळतात, एवढंच मला माहीत. म्हणून मी दोन्ही गुडघ्यांना तेल लावून गेले. दीपमाला नावाची मुलगी होती, माझ्या नातीसारखी. तिनं माझे गुडघे पाहिले, मला आडवं केलं, हातमोजा घातला आणि विचारलं, "मावशी, तपासू का?" तपासणी कुठं आहे हे कळल्यावर मी छताकडे पाहायला लागले. माणसाची इज्जत जेव्हा जायची असते तेव्हा छत फार कामाला येतं.

"आता आवळा," ती म्हणाली.

मी आवळलं.

"मावशी, दात नाही. खालून आवळा."

"खाली कुठी?"

"जिथून गळते तिथून. श्वास सोडत सोडत वर ओढा. पोट नका आवळू. मुठी पण नका आवळू. मावशी, माझा हात सोडा."

तास गेला. मी कपाळ आवळलं, खांदे आवळले, एकदा तर कान हलल्यासारखे वाटले. जे आवळायचं तेच सापडेना. साठ वर्षं ज्या अंगानं मी वावरले, त्याच्यात एक खोली आहे आणि तिचा दरवाजा मला माहीत नाही, असं काहीतरी झालं.

तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या स्टुलावरचं पांढरं फडकं काढलं.

खाली हाड होतं. बाईच्या कमरेचा पूर्ण सांगाडा, प्लास्टिकचा. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कमरेचं हाड दिसत नाही, तोंड दिसतं. दोन मोठे कान पसरलेले, खाली दोन गोल भोकं डोळ्यांसारखी, आणि बुडाशी लाल रबराच्या पट्ट्या, तोंड उघडून जीभ आत ओढून घ्यावी तशा. ते माझ्याकडे पाहत होतं. अनोळखी माणूस पाहतो तसं नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेली जाऊ पाहते, तसं.

"हे लाल आहे ना, ही झोळी," दीपमाला म्हणाली. "सगळं हिच्यावर टेकलेलं असते. ही ढिली झाली की वरचं खाली येते. आपल्याला ही झोळी वर उचलायची." वरची पोकळी रिकामी होती. तिथं बसवायची रबरी पिशवी कोणत्या तरी शिबिरात हरवली, असं ती म्हणाली.

दीड महिन्यानं तिचं अकोल्यात बायांचं शिबिर होतं. "मावशी, तुम्ही तिकडच्याच. हे घेऊन जाता का? मला स्कूटीवर सामान बम जास्त होते." ज्या मुलीनं एवढं पाहिलं तिला नाही कसं म्हणायचं. माधवीच्या माहेरून, शेंदूरजनाघाटहून, संत्री आली होती. मी कापडी थैलीत हाड ठेवलं आणि वरून संत्री भरली.

एसटीत मांडीवर थैली. मूर्तिजापूरपर्यंत रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला आत टकटक व्हायचं. शेजारी एक पागोटंवाले बुवा.

"काय हाये मावशी?"

"संत्रे."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "वाळेल दिसतात," म्हणाले, आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

घरी आले तर ओट्यावर गोदाबाई बसलेली. माझ्या हातात थैली दिसली की तिला कोणी किल्ली द्यावी लागत नाही. "पाहू, काय आणलं सुनबाईनं," म्हणून तिनं कोपरापर्यंत हात घातला. वरची संत्री लहान असतात हे तिला माहीत आहे, म्हणून ती नेहमी खालचं काढते.

हात आतच राहिला.

मी तिच्याकडे पाहत होते. तिचे डोळे माझ्यावर होते पण पाहत मला नव्हते. बोटं आत काहीतरी चाचपत होती, हळू, अंधारात कडी शोधतो तशी. मग तिनं हात बाहेर काढला. हातात संत्रं नव्हतं. तिनं बोटांचा वास घेतला, उठली आणि घरी गेली. चप्पल माझ्याच ओट्यावर राहिली. दोन दिवस ती न्यायला आली नाही.

हाड मी दिवाणाखाली सरकवलं. मालकांना सांगायचं राहूनच गेलं. आता ऊन असं तापलेलं की दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंही चालत नाही. कूलरची घरघर, खिडकीवर वाळ्याची ताटी, आणि बाहेर पांढरं उजेडाचं मैदान. अशा वेळी मालक कूलरसमोर फरशीवर झोपतात. त्यांनी कूस बदलली. दिवाणाखाली दोन डोळे आणि संत्र्याचा वास.

हा माणूस चाळीस वर्षं भुताखेताविरुद्ध भाषणं देत आला. बुवाबाजीवर बोलताना टेबलावर मूठ आपटून त्यांच्या घड्याळाची काच दोनदा फुटली आहे. ते ओरडले नाहीत. शांतपणे उठले, उशी घेतली, ओट्यावर भर उन्हात जाऊन बसले.

"काय झालं?"

"काही नाही. आत पाठ दुखते." थोड्या वेळानं म्हणाले, "नागसेनची माय, आपल्या दिवाणाखाली कोणी हाये काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, प्लास्टिक आहे म्हणाले, विज्ञानाची वस्तू आहे म्हणाले, आणि त्या दिवसापासून फरशीवर झोपायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू. त्याला टाचण्या टोचलेल्या. तिसऱ्या दिवशी दारापुढं राखेची रेघ. आमच्या घराच्या दारात, जिथं एवढ्या वर्षांत कधी दृष्टही काढली नाही, तिथं राख. मालकांनी लिंबू उचललं, धुतलं, टाचण्या काढल्या आणि त्याचं सरबत करून ओट्यावर बसून सगळ्यांना दिसेल असं प्याले. दुपारी त्यांना जुलाब झाले. लिंबू सडलेलं होतं, पण गल्लीनं तसं धरलं नाही.

बाया येईनाशा झाल्या. मी दळण घेऊन निघाले की पुढचं दार लागायचं, मी पुढं गेले की मागचं उघडायचं. बोलणं माझ्या आधी थांबायचं आणि माझ्या नंतर सुरू व्हायचं. एवढी शांतता मी या गल्लीत कोणाच्या मयतीलाही पाहिली नव्हती. मला राग यायचा आणि खोकलाही. आणि खोकला आला की जे व्हायचं ते होतच होतं. मुदतीतला एक महिना असाच गेला होता.

मग एका दुपारी मी हाड बाहेर काढलं. खुर्चीवर ठेवलं, समोर दुसऱ्या खुर्चीवर मी बसले. दोघी बाया बसतात तशा. ताटीच्या फटीतून उन्हाच्या बारीक रेघा तिच्यावर पडल्या होत्या, आणि भिंतीवर तिची सावली पंख उघडलेल्या घुबडासारखी. मी लाल झोळीकडे पाहिलं. श्वास सोडला. आणि तिच्याकडे पाहता पाहता आतून काहीतरी उचललं गेलं. फार नाही. झोपलेल्या लेकराखालून हात सरकवून त्याला अल्लाद उचलतो ना, तेवढं.

त्याच क्षणाला समोरची लाल पट्टी वर उचललेली मला दिसली.

कूलरची हवा असेल. मी कूलर बंद करून पुन्हा केलं. पुन्हा उचलली. मी सोडलं, ती खाली आली. मला भीती वाटायला पाहिजे होती. पण एवढे दिवस घराघरानं दार लावलेल्या बाईला कोणीतरी सोबत करतंय म्हटल्यावर भीतीचं एवढं मनावर घेता येत नाही. रोज दुपारी आम्ही दोघी बसू लागलो. पापणी न हलवता मी तिच्याकडे पाहायची आणि ती माझ्याकडे.

ताटीच्या फटीतून माणिकबाई पाहत होती, हे मला हवालदार आल्यावर कळलं.

हवालदार खुशालराव जाडजूड, घामेजलेले. तक्रार अशी की सदर घरात मानवी हाडे ठेवून बाई दुपारी काही प्रकार करते. दारात सगळी गल्ली. महिनाभर ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं त्यांची तोंडं एका चौकटीत मावत नव्हती.

"हे हाड कोणाचं?"

"बाईचं," मी म्हणाले.

"कोणत्या बाईचं?"

"कोणत्याच नाही. बायांचं असते तसं हाये ते."

"म्हणजे सर्व्या बायांचं?"

"हो."

"सर्व्या बायांचं मिळून एक हाड कसं राहीन, मावशी?"

मालक मध्ये पडले. प्लास्टिक आहे, वाजवून पाहा, म्हणाले. खुशालरावांनी पेनानं वाजवलं, पेन पुसलं. "प्लास्टिक हाये का नाही हे मी नाही ठरवू शकत. साहेब ठरवतीन. पंचनाम्यात लिहा लागते. शरीराचा भाग कोणता?"

मालक पंख्याकडे पाहू लागले. पार्वताबाईनं पदर तोंडात धरला. खुशालरावांनी 'कमर' लिहिलं आणि खोडलं. 'कमरेखालील' लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेही खोडलं. शेवटी 'मधला भाग' असं लिहून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हाड त्यांनी माझ्याच थैलीत घातलं आणि मोटरसायकलीच्या हँडलला अडकवून नेलं. वळणावर थैलीतून एक कान बाहेर आला होता.

दीपमालेला फोन केला. ती अमरावतीहून पावती घेऊन आली. पावतीवर लिहिलेलं: 'पेल्व्हिस, फिमेल, एक नग.' ठाण्यात साहेबांनी ती तीनदा वाचली आणि विचारलं, "मेल येत नाही काय यात?" मेलचं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाले, घेऊन जा, लवकर घेऊन जा. हाड कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

बाहेर पडताना सीमा नावाची पोलीस शिपाई मागून आली. लेकरू लहान होतं तिचं. कवायतीत पळताना गळतं, काय करावं, हे तिला दीपमालेला विचारायचं होतं. विचारून झालं, समजावून झालं. मग ती मला हळूच म्हणाली, "मावशी, साहेब ते हाड भिंतीकडं फिरवून घरी जायचे आणि सकाळी ते पुन्हा खोलीकडं पाहत राहायचं. एकदा मी फिरवलं होतं. समजून घ्यायला."

"आणि बाकीच्या वेळा?"

"ते मले काय मालूम," सीमा म्हणाली.

शिबिराला एकही बाई आली नाही. समाजमंदिरात तीस खुर्च्या, एक पंखा, मी आणि दीपमाला. तिचं तोंड उतरलं. जाताना म्हणाली, "मावशी, हे तुमच्याकडंच राहू द्या काही दिवस." मी नको म्हणणार होते, पण मला करमलं नसतं.

दुसऱ्या दुपारी कडी वाजली नाही, दार नुसतं सरकलं. गोदाबाई. तिनं चप्पल बाहेर काढली, आत आली आणि हाडासमोर फरशीवर बसली. मी काही बोलले असते तर ती उठून गेली असती.

मग म्हणाली, "त्या दिवशी थैलीत हात घातला न मी, मले वाटलं हे माझं हाये."

"तुझं कसं राहीन, गोदा?"

"मले दाखवलंच नोतं काय काढलं ते. मालकाले दाखवलं ट्रेमंधी. मी विचारलं तर म्हणे, खराब होतं, कॅन्सर झाला असता, तुले काय करा लागते. मंग कुठी टाकलं, काय केलं, कोणी सांगतलं नाही. इतके वर्सं मी म्हणतो, कुठी असन ते." तिनं नाकावरचा घाम पुसला. "हाताले लागलं न, तं वाटलं, चतुराले सापडलं."

ती त्या हाडाकडे अशी पाहत होती की मला तिथं तिसरं कोणी बसल्यासारखं झालं.

"यातलं माझं कोणतं गेलं?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरला आणि पोकळीत ठेवला. "हाडातलं काही नाही. इथं होती. पेरूएवढी."

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

तिनं हात काढला नाही. बोटं मिटून घेतली, आत काही असल्यासारखी. तिची मूठ पूर्ण मिटत नव्हती. पेरूएवढी जागा सोडून थांबली होती.

मग तिचं रडून झालं, चहा झाला. "तुले तं हाये अजून," ती म्हणाली. "माझं गेलं. मी हे काय करू?" मी दीपमालेनं सांगितलेलं सांगितलं: पिशवी गेली तरी झोळी राहते, तिला उचलावंच लागते. तिनं उचलायचा प्रयत्न केला. दात आवळले. मी म्हटलं, "गोदे, दात नाही." आणि ती हसली, आणि हसता हसता तिचं पातळ ओलं झालं, आणि आम्ही दोघी त्या ओल्या डागाकडे पाहून आणखी हसलो. तिला ते एवढे दिवस होतं आणि तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर बाया एकेक करून यायला लागल्या. दोघी कधी सोबत आल्या नाहीत. आली की प्रत्येकीनं आधी पोकळीत हात घालायचा. मी कोणाला सांगितलं नव्हतं तसं करायला. माणिकबाई आली, तक्रार तिनंच केली होती हे मला माहीत, मला माहीत आहे हे तिला माहीत. तिनं हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गरम लागते वो." मी हात लावून पाहिला. गरम होतं. ऊन होतं म्हणा.

मुदत संपली. नागसेन सुट्टी घेऊन, बॅग भरून तयार. माझं नाव डॉक्टरीणबाईंकडे सकाळच्या यादीत.

"खोका," बाई म्हणाल्या.

मी खोकले.

"जोरात."

जोरात खोकले. पडद्यापलीकडे नागसेन आणि माधवी श्वास धरून होते. मी छताकडे पाहिलं नाही. श्वास सोडला, उचललं, आणि पुन्हा खोकले. काही झालं नाही. बाईंनी तपासलं. पूर्ण जागेवर गेलेलं नाही म्हणाल्या, पण बरंच वर आहे, गळणं थांबलं आहे, असंच चालू ठेवलं तर निभेल. "पण या वयात पिशवीचा उपयोग तरी काय? काढलीत तर कायमची कटकट मिटेल. ठरवा तुम्ही."

"काढून टाकू, आई," नागसेन पडद्याआडून म्हणाला. "पुन्हा सुट्टी भेटणार नाही."

"नाही काढायची."

"काहून पण?"

आता त्याला काय सांगणार. मी पातळ नीट केलं आणि खाली उतरले. "उपयोग काही नाही रे तिचा," मी म्हणाले. "पण जागा तिची हाये. उद्या हात घालून शोधत बसायला मले वेळ नाही."

त्याला काही समजलं नाही. माधवीनं त्याच्या हातातून बॅग घेतली आणि बाहेर रिक्षा पाहायला गेली.

हाड आता दीपमालेकडे परत गेलं आहे. कोणाला त्याची गरज राहिली नाही. दुपारी जेवणं झाली, भांडी पालथी झाली, की आमच्या गल्लीत एक वेळ येते. दारं लागतात. कूलर बंद होतात, एकामागून एक, आवाजाचा अडथळा नको म्हणून. प्रत्येक दारामागं खुर्चीवर एक बाई बसलेली असते, पापणी न हलवता. कोणी कोणाला हाक मारत नाही, वेळ कोणी ठरवलेली नाही. तरी सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो, ते भिंतीतून ऐकू येतं. आणि मग, कसं सांगू, अख्खी गल्ली जमिनीपासून थोडीशी वर उचलली जाते, थांबते, आणि हळूच खाली टेकते.

परवा मालक ओट्यावर चहा घेऊन बसले होते. मी बाहेर आले तर ते कपाकडे पाहत होते. चहा काठापर्यंत हेलकावत होता, आणि ते तर हलले नव्हते.

"रेल्वे गेली असन," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

त्या वेळेला आमच्या बाजूनं कोणतीच गाडी जात नाही.